जंगलात पिल्लू वाढवताना : आठवडा ८ ते २०

आठवडा ८
या वयाचं कुत्र्याचं पिल्लू लघवी साधारण तीन तास धरतं. वयाचे जितके महिने, त्यात एक मिळवला की तेवढे तास, हा ढोबळ हिशोब. म्हणजे रात्रीतून किमान दोनदा बाहेर न्यायचं. जंगलात सगळ्यात धोक्याची वेळ हीच. कुत्रं हे बिबट्याचं नेहमीचं भक्ष्य आहे आणि माणूस शेजारी उभा आहे म्हणून पिल्लू सुरक्षित होत नाही. टॉर्चच्या झोतापलीकडचं आपल्याला दिसत नाही, बिबट्याला दिसतं. म्हणून ट्रेनिंग, खेळणी सगळं नंतर. आधी घराच्या दाराला लागून छत असलेला पिंजरा.

माप २ मीटर बाय ३ मीटर, उंची माणूस ताठ उभा राहील इतकी. वेल्डेड जाळी ५० मिमी चौकटीची, तार ३ मिमी. कोंबड्यांची षटकोनी जाळी अजिबात नको, ती पंजाने उलगडते. खालच्या ६० सेंटिमीटरला आतून ६ मिमीची बारीक जाळी, सापांसाठी. छतालाही तीच वेल्डेड जाळी, कारण बिबट्या वरूनच येतो. जाळी जमिनीत ३० सेंटिमीटर पुरून पुढे बाहेरच्या बाजूला ४५ सेंटिमीटर आडवी वळवायची, म्हणजे उकरणाऱ्याला पायाशीच अडथळा लागतो. दार बाहेर उघडणारं ठेवा. बाहेरून धक्का बसला तर ते चौकटीवर आणखी दाबलं जातं. कड्या दोन, वर आणि खाली. बिघडतं ते सांध्यांवर: पावसात बांधणीची तार आधी गंजते, जाळी नंतर. महिन्यातून एकदा प्रत्येक सांधा हाताने ओढून पाहावा.

पिल्लाची झोप मात्र घरातच, चार भिंतींच्या आत. पिंजरा फक्त शू-शीसाठी. बाहेर साखळीला बांधलेलं पिल्लू म्हणजे ठेवलेलं आमिष.

आठवडा ९ ते १२
शेवटचं खाणं संध्याकाळी ६ ला, पाणी बंद करायचं नाही. रात्रीची फेरी दर तीन दिवसांनी १५ मिनिटं पुढे ढकलत न्यायची. पिंजऱ्यात जाण्याआधी टॉर्चने कोपरे आणि छत बघायचं, मग दार.

लसींचं वेळापत्रक ८, १२ आणि १६ आठवडे. रेबीज १२ व्या आठवड्यात. १६ व्या आठवड्याचा डोस अनेक जण टाळतात. टाळू नये, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं आधीचे डोस निकामी करू शकतात. आणि हे फक्त पिल्लासाठी नाही. १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्यात डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह मेले; त्या साथीचा माग परिसरातल्या पाळीव कुत्र्यांपर्यंत पोचला. जंगलात कुत्रं ठेवायचं तर ही जबाबदारी पहिली. विष्ठा वाटेवर सोडू नका, झाकणाच्या खड्ड्यात टाका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो.

गोचीड दिवसातून दोनदा शोधायची: बोटांच्या बेचक्यात, कानाच्या घडीत, काखेत, शेपटीखाली. गोचिडीतून दोन रक्ताचे आजार येतात: बॅबेसिया पसरायला ती चिकटल्यापासून बहुधा एक दिवस किंवा जास्त लागतो, एर्लिकियाला काही तासच पुरतात. त्यामुळे नुसत्या हाताच्या तपासणीवर भागत नाही. वजन आणि वयानुसार डॉक्टरांनी दिलेलं औषध हवंच. गोचीड टोकदार चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. रॉकेल, काडी, तेल काहीही लावायचं नाही. हिरड्या फिक्या आणि लघवी चहाच्या रंगाची दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

आठवडा १३ ते १६
या टप्प्यातलं सगळ्यात मोलाचं काम: बिबट्या दिसल्यावर माकडं आणि हरणं ओरडून देतात तो इशारा पिल्लाला शिकवणं. आधी शिट्टी ऐकली की यायचं हे पक्कं करायचं, दिवसाला दहा वेळा, घरात, प्रत्येक वेळी खाऊ. मग बाहेर इशाऱ्याची हाक ऐकू आली की लगेच शिट्टी आणि दाराशी खाऊ. क्रम चुकवायचा नाही: हाक आधी, शिट्टी नंतर. शिट्टी आधी वाजली तर हाकेला काही अर्थच उरत नाही. खाऊची पिशवी आधी दिसली तरी तेच होतं, पिल्लू पिशवीकडे बघून येतं.

साप: पिल्लू नाक घालतं, म्हणून दंश बहुतेक तोंडावर किंवा पुढच्या पायावर. आवळपट्टी, चिरा, चोखणं काही नाही. हालचाल थांबवून उचलून न्यायचं. प्रतिविषाचा डोस विषाच्या प्रमाणावर ठरतो, पिल्लाच्या वजनावर नाही. लहान आहे म्हणून कमी मागू नका. पिल्लाने बेडूक चावल्यामुळे तोंडाला फेस आला तर डोकं खाली धरून तोंड पाण्याने धुवावं, पाणी घशात जाऊ देऊ नये.

आठवडा १७ ते २०
रात्रीची फेरी बंद, पिल्लू सहा-सात तास धरतं. हाक ऐकून शिट्टीआधीच दाराकडे वळणं दिसू लागलं. पाठलागाची ओढ मात्र याच वयात जोर धरते आणि पळणाऱ्या हरणामागे शिट्टी हरते. उपाय १० मीटरची लांब दोरी, गळपट्ट्याला नव्हे तर हार्नेसच्या (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या) पाठीकडच्या कडीला; धावत सुटल्यावर बसणारा हिसका मानेवर नको. दोरीच्या टोकाचा फास कापून टाका, तो झुडपात अडकतो. दोरी निदान वर्षभर सुटणार नाही. पुढची नोंद २४ व्या आठवड्यात, हरणं चरत असताना पाठ फिरवण्याच्या सरावाची.