कानबाईचे रोट, मर्टन आणि माझा लघुप्रबंध

कानबाई ही आमच्या खान्देशातली देवी, आणि रोट म्हणजे तिचा गव्हाचा नैवेद्य. एम. ए. समाजशास्त्राच्या लघुप्रबंधाला मी ‘कानबाईच्या रोटांचे प्रकार्यात्मक विश्लेषण’ (प्रकार्य म्हणजे एखादी प्रथा समाजात जे काम करते ते) हा विषय घेतला, तेव्हा वर्गातल्यांचं मत पडलं की सोपं आहे, ‘सणामुळे एकी वाढते’ असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. आमच्याकडचे बरेच प्रबंध तिथेच मोकळे होतात.

मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, “एकी वाढावी म्हणून कोणी रोट घालतं का गं?” कोणीच नाही. कुळाचार असतो, नवस असतो, सासूने सांगितलेलं असतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९५ सालीच हे बजावून ठेवलंय: एखादी सामाजिक गोष्ट कशामुळे निर्माण झाली ते वेगळं शोधा, ती काय काम करते ते वेगळं शोधा. उपयोगी आहे म्हणून काही ती आपोआप जन्माला येत नाही. एवढं डोक्यात बसल्यावर पहिलं प्रकरण लिहून झालं.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. त्याआधी आमच्या मोठमायने रोटांसाठी गहू काढले, तेव्हा मी वही घेऊन शेजारीच बसले होते. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ, पाळण्यातल्या बाळाचीसुद्धा. चुलतभाऊ कामाला सुरतेत; त्याचं नाव मी वगळलं तर म्हणाली, “तो सुरतले शे, पन त्यानी मूठ धरनी पडस.” मग बांधावरून ज्यांच्याशी बोलणं बंद आहे, त्या काकांचं नाव आलं. हात जरा थांबला. आणि मूठ पडली.

या एका गोष्टीवर मी पानंच्या पानं लिहिली. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मर्टनने १९४९ मध्ये प्रकट (उघड, ठरवून केलेल्या) आणि अप्रकट (नकळत घडणाऱ्या) प्रकार्यांतला फरक मांडताना अमेरिकेतल्या होपी आदिवासींच्या पावसाच्या विधीचं उदाहरण दिलंय: विधीने पाऊस पडत नाही, पण विखुरलेली माणसं एकत्र जमतात. आमच्याकडे प्रकट काम देवीचा नैवेद्य, अप्रकट काम भाऊबंदकीची खानेसुमारी. रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत, त्यामुळे आपलं कोण हे दरवर्षी सुपातच ठरतं. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवासांचा कर्नाटकातल्या कूर्गवरचा १९५२ चा अभ्यास इथे फार कामी आला. ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊनच्या हाताखाली घडलेला तो अभ्यास विधी आणि कुळाची एकजूट यांचं नातं बारकाईने दाखवतो.

खरा घाम फुटला तो अपकार्यांच्या, म्हणजे प्रथेच्या अपायकारक परिणामांच्या प्रकरणात. प्रत्येक प्रथा सगळ्या समाजाला उपकारकच असते, हे गृहीतक मर्टनला मान्य नव्हतं. मॅडम माझ्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने ‘कोणासाठी?’ लिहून वही परत द्यायच्या. एकजूट कोणासाठी? दळण, पुरण, खीर सुनांकडे; नाव मात्र नवऱ्याच्या मुठीचं. माहेरी आलेली आत्या रात्रभर कानबाईची गाणी म्हणते, तिची मूठ नाही. माझीही नाही. हे लिहिताना घरचे काय म्हणतील याची धाकधूक होती. वडिलांनी ते प्रकरण वाचलं आणि काहीच न बोलता चष्मा पुसत बसले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी नेमकं प्रकार्यात्मक पर्यायांवर बोट ठेवलं: “उद्या रोट बंद पडले तर हे काम कोण करेल?” मी म्हटलं, थोडंफार आताच भाऊबंदकीचा व्हॉट्सॲप ग्रुप करतोय. वर्गणी फोनपेवर जमते, सुरतवाले त्यात आहेत, आणि गव्हात नसलेल्या लेकी-बहिणीही आहेत. “म्हणजे मोजणी बदलली,” सर म्हणाले. मी म्हटलं, “हो सर, पण ते काका अजून ग्रुपात नाहीत. गव्हात आहेत.”

सर हसले आणि पार्सन्स या दुसऱ्या प्रकार्यवादी समाजशास्त्रज्ञावर गेले. तिथे मी जेमतेम तग धरला.