पाण्याचं बिल

त्या कवितेला मी दहापैकी चार गुण दिले होते. समासात शेरा लिहिला होता, ‘एक ओळ कमी. मीटर चालू आहे, कविता बंद.’ लिहून झाल्यावर स्वतःच्या विनोदावर खूशही झाले होते, हे आधीच सांगून टाकते.

मी अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये, प्रॉव्हिडन्सपासून वीसेक मिनिटांवरच्या एका गावात सार्वजनिक ग्रंथालयात काम करते. काउंटरवर पुस्तकं देणं-घेणं, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद उपसणं, आजोबांना ईमेलचा पासवर्ड शोधून देणं, असं सगळं. दर ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे हौशी कवींची एक स्पर्धा होते. विषय ठरलेला, जुन्या वीअर्ड फिक्शनच्या धाटणीची कविता. या प्रकाराला आपल्याकडे नीटसा शब्द नाही. भयकथा म्हटलं तर कमी पडतं, गूढकथा म्हटलं तर जरा सोवळं वाटतं. नारायण धारपांची पुस्तकं पांघरुणात टॉर्च लावून वाचलेल्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

इथल्या लोकांना या प्रकाराचा अभिमान असण्याचं कारण म्हणजे एच. पी. लव्हक्राफ्ट. 1890 मध्ये प्रॉव्हिडन्समध्ये जन्मला, 1937 मध्ये तिथेच गेला. हयातीत फारसं कुणी विचारलं नाही. ‘वीअर्ड टेल्स’ नावाच्या स्वस्त मासिकात छापून यायचा, तेही कधीकधी परत आलेली गोष्ट पुन्हा पाठवून. त्याच्या ज्या गोष्टीतल्या समुद्रतळाशी झोपलेल्या राक्षसाचे आज कप आणि टी-शर्ट मिळतात, ती ‘कॉल ऑफ क्थुलू’ संपादकाने आधी नाकारली होती. शेवटी फेब्रुवारी 1928 च्या अंकात आली. त्या गोष्टीतला स्वप्नं पडणारा शिल्पकार ज्या इमारतीत राहतो, ती थॉमस स्ट्रीटवर अजून उभी आहे. पाहुणे आले की मी त्यांना दाखवून आणते.

हा गृहस्थ परदेशातून आलेल्या लोकांबद्दल जे लिहून गेलाय ते वाचवत नाही. वर्ल्ड फँटसी पुरस्काराची बाहुली त्याच्या चेहऱ्याची असायची, ती याच कारणावरून झालेल्या वादानंतर 2015 मध्ये बदलायचं ठरलं. त्याच्या गावाशेजारी त्याच्या नावाने चाललेल्या स्पर्धेत गुहागरची बाई गुण देतेय, हे त्याला रुचलं नसतं. मला मात्र भलतंच रुचतं.

परीक्षक आम्ही तिघं. एक निवृत्त इंग्रजीच्या शिक्षिका. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण त्यांचं वय ऐंशीच्या घरात, त्यामुळे मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणते. दुसरे जुन्या पुस्तकांचे दुकानदार, बोलायला फटकळ. तिसरी मी. मला घेतलं कारण त्या शनिवारी ड्युटीवर मीच होते.

एकसष्ट कविता आल्या होत्या. नावं वेगळ्या बंद पाकिटात, कवितेवर फक्त क्रमांक. चाळीस ओळींची मर्यादा. सकाळी दहाला आम्ही तळमजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत बसलो. आदल्या आठवड्यात प्रत्येकाने घरी वाचून गुण लिहून आणलेले होते.

एकसष्ट भयकविता सलग वाचल्या की भीती वगैरे वाटत नाही, भूक लागते. तेवीस कवितांमध्ये समुद्रातून वळवळते हात वर येत होते. ‘एल्ड्रिच’, म्हणजे अमानवी-भेसूर, हा शब्द मी मोजायला घेतला आणि चाळिसावर सोडून दिला. हा लव्हक्राफ्टचा लाडका शब्द, आणि त्याची विशेषणं उचलली की त्याची भीतीही आपोआप येईल असा नवकवींचा समज असतो. दर तिसऱ्या कवितेत कुणीतरी ‘नेक्रोनॉमिकॉन’ उघडून बसलेलं. हा ग्रंथ लव्हक्राफ्टने साफ कल्पनेतून रचला, तरी आमच्या काउंटरवर वर्षाला दोघं-तिघं तरी तो मागायला येतात. पूर्वी मी समजावून सांगायचे. आता सांगते, बाहेर गेलाय, परत आलेला नाही.

उरलेल्या बऱ्याच जणांना कावळ्याने झपाटलेलं होतं. एडगर ॲलन पोची 1845 ची ‘द रेव्हन’ इथल्या पोरांना शाळेत असते, तिचा ठेका डोक्यात बसतो आणि आयुष्यभर निघत नाही. आपल्याकडे कावळा पिंडाला शिवला नाही म्हणून काळजी, इथे तो एकदा दारावरच्या पुतळ्यावर बसला की उठत नाही म्हणून. एक सुनीत तर थेट लव्हक्राफ्टच्याच ‘फंगाय फ्रॉम युगॉथ’ मधलं होतं, चार शब्द बदललेलं. दुकानदारांनी दुसऱ्या ओळीलाच ओळखलं आणि चष्म्यावरून नुसतं बघितलं. 1929 चा डिसेंबर संपता संपता सुरू करून आठवड्याभरात त्याने तशी छत्तीस सुनीतं लिहिली होती. चोराला निवडायला भरपूर माल होता.

अशा ढिगाऱ्यात सत्तेचाळीस क्रमांकाची कविता. नाव ‘वॉटर बिल’. ओळी तेरा. राक्षस नाही, थडगं नाही, विशेषण जवळजवळ नाहीच. एक माणूस सांगतो की पाण्याचं बिल दुप्पट आलं. त्याने स्वयंपाकघरातला नळ पाहिला, न्हाणीतला पाहिला, मागच्या अंगणातला पाहिला. सगळे घट्ट. मग तळघरात खुर्ची नेऊन तो मीटरसमोर बसला. इथल्या मीटरच्या काचेखाली एक छोटा त्रिकोण असतो, थेंब-थेंब पाणी गेलं तरी तो फिरतो. तो फिरत होता. सव्वादहाला थांबला. त्याने पेन्सिलीने भिंतीवर वेळ लिहिली. ‘सेम ॲज द नाइट बिफोर’, कालच्यासारखीच. संपली कविता.

दुकानदारांनी तीन गुण दिले होते आणि खाली लिहिलं होतं, ‘प्लंबरला बोलवा.’ बाईंनी सहा. त्यांना त्रिकोण आवडला होता. माझे चार. सुनीत लिहायला गेला आणि चौदावी ओळ विसरला, असं माझं निदान. बेरीज तेरा झाली, कविता ‘नाही’च्या गठ्ठ्यात गेली आणि आम्ही सँडविच मागवली.

खाता खाता बाई जुन्या गोष्टी सांगू लागल्या. प्रॉव्हिडन्सला बेनिफिट स्ट्रीटच्या मागे सेंट जॉन्स चर्चचं जुनं दफनस्थान आहे, चढावर, झाडीत. शेजारीच सारा हेलन व्हिटमन या कवयित्रीचं घर. 1848 मध्ये पो तिच्या मागे लागला होता, लग्नही ठरलं होतं, डिसेंबरात मोडलं. ऑगस्ट 1936 मध्ये लव्हक्राफ्ट तिथे दोघा मित्रांना घेऊन गेला. एक बार्लो, अठरा वर्षांचा पोरगा. दुसरे डी कास्ट्रो, सत्तरी उलटलेले. तिघं एका थडग्यावर बसले आणि पैज लावल्यासारखी प्रत्येकाने पोवर एकेक कविता केली, अशी की ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली तर त्याचं नाव निघावं. म्हातारे बेरकी. त्यांनी आपली कविता आधी मासिकाकडे धाडली आणि ती छापूनही आली. ‘वीअर्ड टेल्स’मध्ये लव्हक्राफ्टची आली ती 1938 मध्ये, तो गेल्यावर.

“लोक त्यांना सुनीतं म्हणतात,” बाई म्हणाल्या, “पण मोजून बघा, एकेक ओळ कमी आहे. एडगर ॲलन पो. अक्षरं तेराच.”

माझा घास तोंडातच राहिला. हात पुसले, ‘नाही’चा गठ्ठा ओढला आणि सत्तेचाळीस काढली. कवितेवर दुसरा कागद आडवा ठेवला, फक्त डावीकडची कड दिसेल असा. डब्ल्यू, एच, ओ. आय, एस. तिथपर्यंत आल्यावर मी बोट ठेवून सावकाश खाली गेले. यू, पी, एस, टी, ए, आय, आर, एस.

हू इज अपस्टेअर्स. वर कोण आहे.

कागद मी बाईंकडे सरकवला. त्यांनी वाचला, दुकानदारांकडे दिला. खोलीत कुणी काही बोललं नाही आणि तिघांनीही, अगदी प्रौढ माणसांनी, छताकडे पाहिलं. वर बालविभाग होता. खुर्ची ओढल्याचा आवाज येत होता.

अख्ख्या कवितेत ‘वर’ हा शब्द नाही. जिना नाही. माणूस खालीच फिरतो आणि आणखी खाली तळघरात जातो. त्याला काय विचारायचं आहे ते तो ओळींत कुठेच विचारत नाही. मला आमचे शाळेतले मराठीचे सर आठवले. मोरोपंतांचं निरोष्ठ रामायण समजावताना ते ओठांना पेन्सिल लावून दाखवायचे. ओठ ओठांना लागतील असं एक अक्षर नाही, प नाही, ब नाही, म नाही. आणि म नाही म्हणजे ‘राम’ म्हणायची सोय नाही, तरी रामायण पुरं. मी हे त्या दोघांना सांगायचा प्रयत्न केला. इंग्रजीत ते फार बरं नाही सांगता आलं.

खरं तर तेरा अक्षरांच्याही आधी मला कळायला हवं होतं. माझी आजी गिऱ्ह्याची, म्हणजे पाण्यातल्या भुताची, गोष्ट सांगायची. तो दिसतो कसा, हे तिने कधी सांगितलं नाही. सांगायची ते एवढंच की रात्री रहाट वाजायचा, आणि सकाळी विहिरीवर जावं तर दोर ओला. बस. आम्ही भावंडं लघवीला एकटी जात नसू. आणि तीच नात, फिरणारा त्रिकोण समोर असताना, ओळी मोजत बसली.

मग वाद झाला, आणि बऱ्यापैकी झाला. दुकानदारांचं म्हणणं, हे कोडं आहे, कविता नव्हे. कोडं सुटल्यावर गुण वाढवायचे तर न सुटलेल्या इतर कोड्यांचं काय? मुद्दा चुकीचा नव्हता. आम्ही उरलेल्या साठही कवितांच्या कडा वाचून काढल्या. काही निघालं नाही. एका ठिकाणी ‘टॉड’ निघाला, पण तो योगायोग असावा. बाई म्हणाल्या, आता पुन्हा वाचा, कोडं विसरून. दुकानदारांनी मोठ्याने वाचली. ‘सव्वादहाला थांबला’ या ओळीशी त्यांचा आवाज जरासा अडला. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “थांबला म्हणजे गळती नाही. गळती थांबत नसते. कुणीतरी नळ बंद केला.” आणि तीनाचे आठ केले.

पहिला नंबर तरीही दुसऱ्याच कवितेला गेला, दीपगृहाच्या रखवालदारावर होती, बांधीव आणि देखणी. माझ्या मते तो निर्णय थोडा भित्रा होता, त्यात माझंही मत आहे. ‘वॉटर बिल’ला दुसरा. माझा शेरा मी खोडरबराने पुसला, तरी कागदावर खळगे राहिले.

पाकीट फोडलं. पत्ता प्रॉव्हिडन्सचा, शेवटी ‘फर्स्ट फ्लोअर’. इथे पहिला मजला म्हणजे आपला तळमजला. तो भाग ट्रिपल-डेकर घरांचा, लाकडी, तीन मजले, एकावर एक तीन बिऱ्हाडं. म्हणजे वर काहीतरी आहे खरं.

बक्षीस समारंभाला ते आले. सत्तरीचे, उंच, पाऊस नसताना रबरी बूट घातलेले. कविता त्यांनी बिल वाचावं तशी वाचली. चाळीसेक माणसं होती, सभ्यपणे टाळ्या झाल्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. सांगून टाकावं असं मला फार वाटलं, पण त्यांनी स्वतः सांगितलं नाही, मग मी कोण सांगणार.

नंतर चहाच्या टेबलाशी मी त्यांना गाठलं. म्हटलं, तेरा अक्षरं मला उशिरा दिसली, माफ करा. ते हसले. मग माझ्यातली गुहागरची चौकस बाई गप्प बसेना. विचारलंच, वरची दोन बिऱ्हाडं रिकामी आहेत का?

“दोन हजार एकोणीसपासून,” ते म्हणाले.

आणि बिलाचं पुढे काय झालं?

त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं, नीट भिजू दिलं. “कमी झालंय थोडं,” ते म्हणाले. “मी वर टॉवेल ठेवायला लागल्यापासून.”