फोर्ट ते भायखळा: मुंबई कशी वाढली ते पायी पाहताना

दक्षिण मुंबईतल्या फोर्टची भटकंती एशियाटिकच्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या वाचनालयाच्या पायऱ्यांपासून सुरू करा. बहुतेक जण सीएसएमटीला उतरतात आणि तिथूनच चालायला लागतात, त्यामुळे क्रम उलटा होतो: १८८७ सालची इमारत आधी दिसते आणि तिच्या दोनशे वर्षं आधीचं गाव नंतर. आता भुयारी मेट्रोचं हुतात्मा चौक स्थानक झाल्यामुळे सोय झाली आहे. तिथून पूर्वेकडे सरळ चालत गेलं की हॉर्निमन सर्कल आणि त्याच्या पलीकडे एशियाटिकचे पांढरे खांब.

आम्ही सकाळी सातलाच पोहोचलो होतो. थंडीतही फोर्टमध्ये नऊनंतर ऊन चांगलंच लागतं, आणि कचेऱ्या उघडल्या की पदपथावर उभं राहून वर बघायला जागा राहत नाही. सकाळची वेळ खरंच सोडू नका.

पायऱ्यांवर बसा आणि पाठीमागे काय आहे याचा अंदाज घ्या. तिथे टांकसाळ आहे, नौदलाचा तळ आहे, आणि त्या तळाच्या आत जुन्या मुंबईच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. त्या जागी पोर्तुगीज काळात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा वाडा होता. १६६१ च्या विवाहतहात पोर्तुगालने मुंबईची बेटं इंग्लंडच्या राजाला दिली, १६६५ मध्ये हंफ्रे कुकने ताबा घेतला आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. आत जाता येत नाही, आणि बाहेरूनही फोटो काढू नका, पहारेकरी लगेच हटकतात. पण इथेच समुद्राकडे पाठ करून बसलं की पुढचं सगळं नीट उलगडत जातं, कारण शहर याच वाड्यापासून जमिनीकडे सरकत गेलं.

समोरची वर्तुळाकार बाग म्हणजे त्या काळचं मोकळं मैदान. कापसाच्या गठ्ठ्यांचा व्यवहार इथे चालायचा. आजच्या रेखीव इमारती १८७२ मध्ये पूर्ण झाल्या. बागेच्या पश्चिमेला सेंट थॉमस कॅथेड्रल आहे. त्याचा पाया गव्हर्नर ऑन्जिएरच्या काळात घातला, आणि दारं उघडली १७१८ च्या नाताळात. शहराची अंतरं या चर्चपासून मोजत. तसे मैलाचे दगड अजून काही रस्त्यांच्या कडेला उभे आहेत, रोमन आकड्यांचे. काळबादेवी भागात गेलात तर पदपथाच्या कडेला लक्ष ठेवा. रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा आतले संगमरवरी स्मृतिलेख निवांत वाचायचे असतील तर दुसरा दिवस धरा.

या जुन्या गावाभोवतीचा तट पाहायला गेलात तर तो जवळजवळ कुठेच नाही. मला या भटकंतीत सगळ्यात जास्त भावलं ते हेच, की भिंत पाडल्यावरही तिने आखलेली रेषा गेली नाही. १७१५ च्या सुमारास गव्हर्नर बूनने तटबंदीचं काम हाती घेतलं. तिला तीन दरवाजे होते: अपोलो, चर्च आणि बाजार. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इंग्रजांची झोप उडाली. मराठे इथवर येतील या धास्तीने व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी काढून दिली आणि तटाबाहेर खंदक खणला गेला. वसईचा इतिहास आपण लढाईपुरता वाचतो. त्या लढाईने मुंबईचा नकाशा बदलला हे इथे उभं राहिल्यावर जाणवतं. तटाबाहेर शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून लांबवर जमीन मोकळी ठेवली. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज हे त्याच मोकळ्या जमिनीचे राहिलेले तुकडे. ज्या शहरात खोलीभर जागेसाठी माणूस आयुष्य घालवतो, तिथे पोरांना क्रिकेट खेळायला एवढी मैदानं उरली ती तोफांमुळे.

ओव्हलला पंधरा मिनिटं तरी द्या. पूर्वेला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, १८७० च्या दशकातलं गॉथिक दगडकाम. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर. पूर्वेकडच्या वैभवामागे कापूस आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. त्याच काळात गव्हर्नर फ्रियरने तट पाडले. युद्ध संपताच शेअरबाजार कोसळला. शहराची वस्तीही घटली: १८६४ च्या शिरगणतीत ८,१६,५६२ लोक होते, १८७२ मध्ये ६,४४,४०५. राजाबाई टॉवरला पैसा देणारे प्रेमचंद रायचंद त्या तेजीतही होते आणि त्या मंदीतही.

मग मागे वळून पेरीन नरिमन स्ट्रीटने उत्तरेकडे चला. हा जुना बाजार गेटचा रस्ता. तटाच्या आत दक्षिणेला इंग्रज आणि उत्तरेला पारशी, बनिया व्यापारी अशी वस्ती होती. १८०३ च्या आगीत उत्तरेचा मोठा भाग जळाला आणि लोक तटाबाहेर सरकले. भुलेश्वर, गिरगावकडची दाटी वाढायला ती आगही एक कारण. गल्ल्या अरुंद आहेत, हातगाड्यांची ये-जा सतत, त्यामुळे पाठीवरची पिशवी पुढे घ्या. इथे एखाद्या इराण्याकडे चहा आणि बन-मस्का घेऊन बसा, पुढे सावली कमी आहे.

सीएसएमटीच्या पूर्वेला सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात फोर्ट जॉर्जच्या, म्हणजे त्याच तटबंदीच्या एका भागाचा उरलेला तुकडा आहे. काळा दगड, रुंद आणि अबोल. दारावर विचारून मगच आत जा, आणि रुग्णांची वर्दळ असते तिथे कॅमेरा बाहेर काढू नका. एवढ्या मोठ्या तटबंदीतलं एवढंच उरलंय हे पाहून मला वाईट वाटलं.

बरेच जण इथूनच परततात, आणि माझ्या मते अर्धी मुंबई न पाहताच परततात. फोर्ट हे गव्हर्नरांचं आणि शेटजींचं गाव. शहर झालं ते रेल्वे आणि गिरण्यांमुळे, कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांच्या हातांनी. म्हणून लोकल पकडून भायखळ्याला उतराच. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली ती याच वाटेने. त्या रेल्वे कंपनीच्या पहिल्या भारतीय संचालकांत नाना शंकरशेट होते. त्यांचा पुतळा एशियाटिकमध्ये आहे, वाचनालय उघडं असेल त्या दिवशी तोही पाहून घ्या. वाटेत मस्जिद स्थानक लागतं. त्याच्याजवळच्या मांडवीत १८९६ मध्ये प्लेग उफाळला, आणि त्यानंतर १८९८ मध्ये नेमलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या शहरसुधारणा मंडळाने रस्ते रुंद केले, दादर-माटुंगा आखलं.

भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं. जुने नकाशे आणि इथल्या जातीजमातींच्या, व्यवसायांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती बघताना वेळ कसा जातो कळत नाही, तेव्हा दोन तास हाताशी ठेवा. बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती आहे. फोर्टमधल्या ‘काळा घोडा’ भागाला ज्याच्यावरून नाव पडलं तो घोडेस्वाराचा पुतळाही आता याच बागेत उभा आहे. संग्रहालय बुधवारी बंद असतं, आणि दुरुस्तीसाठी अधूनमधून मोठी सुट्टी घेतं, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. परतीची लोकल संध्याकाळी पाचच्या आत धरा, लहान मुलं बरोबर असतील तर चारच्याच.