संमेलनाचे सर

तालुक्याच्या गावातल्या हायस्कुलात मुख्याध्यापक बदलायचे, संस्थेचे चेअरमन बदलायचे, पण शाळेचं वार्षिक स्नेहसंमेलन उभं करणारे ‘संमेलनाचे सर’ सहसा बदलत नसत. ते शिकवायचे चित्रकला, नाहीतर मराठी, क्वचित पी.टी. वेळापत्रकात त्यांचे तास इतरांएवढेच. मात्र सहामाहीचे पेपर तपासून झाले की त्यांच्या खिशात सुतळीचा गुंडा आणि खडू दिसू लागे, आणि काखेत ती वही. दोनशे पानी, पुठ्ठा बांधणीची, दर संमेलनाला पाचसहा पानं.

पहिलं पान तारखेचं. सहामाही उरकलेली हवी, दहावीची पूर्वपरीक्षा लागलेली नको, म्हणजे नाताळ ते संक्रांत एवढीच फट. त्यातही पौर्णिमेच्या मागचेपुढचे दिवस बघायचे, कारण वाड्यावस्त्यांवरची माणसं रात्री चालत घरी परतणार. आधी पंचांग, मग पाहुण्यांची सवड.

रंगमंच शाळेच्या बाकांचाच. बाक पाच फूट लांब, सव्वा फूट रुंद. लांबीत चार आणि खोलीत बारा लावली की अठ्ठेचाळीस बाकांत वीस बाय पंधराचा रंगमंच उभा राहतो. उतरत्या फळीची बाकं यात चालत नाहीत, ती आधीच बाजूला काढायची. शेजारशेजारच्या बाकांचे पाय काथ्याने एकमेकांना बांधायचे. दवात सुतळीपेक्षा काथ्या चिवट. खरा धोका दोन बाकांमधल्या फटीचा. वर नुसती सतरंजी अंथरली तर लेझीम रंगात आली की एखाद्याचा पाय आत जाणारच. म्हणून बाकांवर आडव्या फळ्या, फळ्यांवर सतरंज्या आणि सतरंजीच्या कडा खाली दुमडून ठोकलेल्या. बाक उचलण्यापूर्वी त्याच्या पोटाला खडूने वर्ग आणि तुकडी लिहायची. हे विसरलं की पुढचा आठवडाभर ‘आमचं बाक ब तुकडीने नेलं’ ही भांडणं ठरलेली.

दर्शनी पडदा कड्यांवर सरकणारा. तार कितीही ताणली तरी मध्यावर झोळ खाते, आणि पडदा नेमका तिथेच अडतो. मांडवाच्या बांबूवरून मध्यभागी एक आधाराची दोरी सोडायची, तारेवर मेणबत्ती घासायची. पडदा ओढायला नववीतली दोन थोराड मुलं. त्यांना नाचात घ्यायचं नाही, हा दंडकच. पडद्याची दोरी हातात असणं हा नाचापेक्षा मोठा मान आहे, अशी हवा सरांनी आधीच करून ठेवलेली असे.

कर्णे कुठे टांगायचे, यावर लाऊडस्पीकरवाल्याशी दरवर्षी वाद. त्याला ते रंगमंचाच्या खांबाला बांधणं सोपं. पण कर्ण्याचं तोंड माईककडे राहिलं की आवाज फिरून माईकमध्ये शिरतो आणि शिट्टी सुरू होते. कर्णे माईकच्या पुढे, तोंड प्रेक्षकांकडे, एवढं साधलं की निम्मी संध्याकाळ वाचली.

कॅसेटच्या काळात दर नाचाला वेगळी कॅसेट लागे. एकाच कॅसेटवर पाच गाणी घेतली की मधलं शोधण्यात मुलं रंगमंचावर हात वर करून उभी. गाण्याच्या जरा आधी फीत आणून ठेवायची, ती पेन्सिल घालून हाताने गुंडाळायची आणि कॅसेटवर नाव न लिहिता क्रमांक लिहायचा. आणखी एक गोम होती. घरच्या टेपचे सेल उतरले की फीत हळू चालते. त्या तालावर बसवलेला नाच संमेलनात विजेच्या टेपवर अक्षरशः पळायला लागतो. शेवटची तालीम त्यामुळे लाऊडस्पीकरवाल्याच्याच टेपवर.

पण सरांचं खरं कसब कार्यक्रमपत्रिकेच्या कच्च्या कागदावर दिसे. बत्तीस कार्यक्रम, सरासरी चार मिनिटं, म्हणजे एकशे अठ्ठावीस. दोन कार्यक्रमांमध्ये दीड मिनिट धरलं तर आणखी अठ्ठेचाळीस. झाले जवळजवळ तीन तास. साडेसहाला नारळ फुटला तर साडेनऊ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि रात्री १० नंतर कर्णा बंद झाला. त्याआधी संमेलनं मध्यरात्र ओलांडायची, तेव्हा हा हिशेब एवढा काटेकोर नसे. आता अर्धा तास हाताशी ठेवायचा आणि त्यातून दोन ‘वन्समोअर’ची आठ मिनिटं वळती करायची. दोनच. तिसऱ्याला पालकांनी कितीही शिट्ट्या मारल्या तरी पडदा उघडायचा नाही. पाहुण्यांचं भाषण सकाळच्या बक्षीस समारंभात. रात्री भाषण ठेवणाऱ्या शाळांनी आपली मुलं विंगेत पेंगताना पाहिली आहेत.

क्रम लावताना पहिली-दुसरीची मुलं सर्वांत आधी, झोप यायच्या आत. दहावीचं नाटुकलं शेवटी, कारण त्याच्यासाठी गाव थांबतं. मधली वीणच अवघड. हुशार मुलगी तीन नाचांत असते, एकदा कोळीण, एकदा वारकरी, एकदा झाशीची राणी. सर उभ्या रांगेत कार्यक्रम आणि आडव्या रांगेत मुलांची नावं लिहून फुल्या मारत. एकाच नावाच्या दोन फुल्यांमध्ये किमान तीन घरं मोकळी हवीत. नऊवारी सोडून दुसरा वेश चढवायला तेवढा वेळ लागतोच. या तक्त्याचा दुसरा उपयोग ते कुणाला सांगत नसत. ज्या नावापुढे एकही फुली नाही ती नावं वेगळी काढून त्यांचं समूहगीत बसवलं जाई. सूर कच्चा असे, पण समोर टाळ्या वाजवणारे आईबाप सर्वांत जास्त त्याच गाण्याला.

मागच्या वर्गखोलीत फरशीवर खडूचे चौकोन, चौकोनात क्रमांक, क्रमांकात मुलं. एक कार्यक्रम रंगमंचावर, एक विंगेत, एक कपड्यांत. रंगाला झिंक ऑक्साईड आणि पिवडी खोबरेलात कालवून. तेल जास्त झालं की चेहरा हॅलोजनखाली चकाकतो आणि घामाबरोबर रंग गळ्यापर्यंत उतरतो.

संमेलनात हस्तलिखिताचं, म्हणजे मुलांनी हाताने लिहिलेल्या वार्षिक अंकाचं, प्रकाशन व्हायचं. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत. रोज एक अंक म्हणजे काय, हे वर्षाला एकच काढणाऱ्यांना चांगलं कळतं. लेख दिवाळीपूर्वी, सुवाच्य अक्षराची चार मुलं निवडून ड्रॉइंग पेपरच्या गुळगुळीत बाजूला लिहायचं. खरखरीत बाजूला शाई फुटते. डावीकडे दीड इंच समास सक्तीचा. नाहीतर बांधणीत प्रत्येक ओळीचा पहिला शब्द शिवणीत जातो, आणि कविता तर पार कोलमडते.

भाद्रपदात हीच वही, वेगळ्या पानांनिशी, गणेश मंडळात. तिथे सर हिशेबनीस. वर्गणीला निघण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांकडची परवानगी, त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ‘४१ क’चा अर्ज, मगच पावतीपुस्तकं. पुस्तक कुणाला, क्रमांक कितीपासून कितीपर्यंत, सही. पोरं उत्साही, कार्बन उलटा घातला की पावतीच्या पाठीवर अक्षरं उमटतात आणि स्थळप्रत कोरी राहते. म्हणून पहिल्या पाच पावत्या सरांसमोर फाडायच्या. चुकलेली पावती फेकायची नाही, ‘रद्द’ लिहून पुस्तकातच टाचायची. विसर्जनानंतरच्या आठवड्यात जमाखर्च मंडपाच्या भिंतीवर लागे. मंडळाचे अध्यक्ष कोण, हे अनेकांना सांगता यायचं नाही, पण तो कागद वाचायला माणसं थांबत. रांगोळी स्पर्धेचं तेवढं सोपं: तीन फुटांचे चौकोन आणि मध्ये दोन फुटांची वाट, नाहीतर बघ्यांच्या पायांनीच निकाल लागतो.

अलीकडे मांडव, रंगमंच, दिवे, नाच बसवणारा, सगळं ठरवून मिळतं. काम खूप हलकं झालं, हे मान्यच. पण ठेकेदाराच्या रंगमंचावर नाचणाऱ्या मुलांना काथ्याची गाठ मारता येत नाही, आणि समूहगीताचा तक्ता कुठल्याही कोटेशनमध्ये धरलेला नसतो.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी असे, सरांना नसे. पडदा ओढणारी ती दोन मुलं आणि शिपाईमामा सोबतीला. आधी फळ्यांचे खिळे उपटून डब्यात, मग सतरंज्या झटकून मोजायच्या, मग बाकं पोटावरचा खडू वाचत आपापल्या वर्गात. मैदानातून एखादा बाजूबंद, एक चप्पल आणि पुष्कळ मिश्या मिळत. अठ्ठेचाळीसावं बाक जागेवर गेलं की सर त्यावरच बसून वही उघडत आणि वर्षाच्या शेवटच्या पानावर ‘पुढच्या वेळी’ असा मथळा घालत. खाली एवढंच: विंगेत पाण्याची कळशी. मिश्यांना स्पिरिट गम, साधा डिंक नको. समूहगीतात अजून तीन नावं.