केळीतून वाय-फाय जात नाही तेव्हा

विहिरीवरच्या मोटरची केबल दोनदा चोरीला गेली तेव्हा नाना म्हणाले, तिथं कॅमेरा बसवून दे बाबा. चोपडा तालुक्यातलं आमचं शेत, घर एका टोकाला, विहीर दुसऱ्या टोकाला आणि मधे साधारण 400 मीटर केळी. जूनमधे काम केलं, लागवड नुकतीच झालेली, रोपं गुडघ्याएवढी पण नाहीत, त्यामुळे गच्चीवरच्या अँटेनावरून चित्र एकदम चकाचक यायचं. दिवाळीनंतर नानांचा फोन, "काय व्हयनं रे, आते काईच दिखत नही."

राउटर तोच, कॅमेरा तोच, मधली बाग तेवढी वाढली होती. केळीचं पान काय, खोड काय, सगळं पाण्यानं भरलेलं, आणि पाणी रेडिओ लहरी शोषून घेतं. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका हा त्रास जास्त. म्हणून 5 गिगाहर्ट्झ वाय-फाय स्पीडला भारी पण भिंत किंवा झाड आडवं आलं की लवकर दमतं, 2.4 जरा जास्त आत शिरतं पण तिथं गर्दी फार, ब्लूटूथ पण त्यातच, शेजाऱ्यांचे राउटर पण त्यातच, आणि एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. जळगावात फ्लॅटमधे राहणाऱ्यांनी एवढं एक चॅनलचं बघितलं तरी बराच फरक पडतो.

आता जी गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती ती सांगतो. या टोकावरून ते टोक डोळ्यांना दिसलं म्हणजे सिग्नल जाईलच असं नाही. लहर दोऱ्यासारखी जात नाही, तिला आजूबाजूला मोकळी जागा लागते, दोन्ही टोकांना कमी आणि मधोमध सगळ्यात जास्त. याला फ्रेनेल झोन म्हणतात. 400 मीटर अंतर आणि 5 गिगाहर्ट्झ धरलं तर मधोमध या झोनची त्रिज्या सव्वादोन मीटरच्या वर जाते, आणि त्यातला निदान 60 टक्के भाग तरी मोकळा पाहिजे. केळी पानासकट दहा फूट धरा, वर हे अंतर, म्हणून विहिरीवर 20 फुटी पाईप उभा केला आणि दोन्हीकडे एकाच दिशेला मारणाऱ्या 5 गिगाहर्ट्झच्या डिश समोरासमोर लावल्या. चित्र परत आलं.

मग नानांना ठिबकसाठी जमिनीतला ओलावा पण मोबाईलवर बघायचा होता. इथं मी वाय-फाय मुद्दाम टाळलं, कारण ते बॅटरी खातं आणि बागेच्या मधोमध रोज चार्जिंग कोण करणार. तिथं लोरा वापरलं, म्हणजे कमी बॅटरीत लांब जाणारी पण हळू चालणारी रेडिओ पद्धत. भारतात 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी लायसन्सशिवाय वापरता येतो, लहर जवळपास 35 सेंटीमीटरची, त्यामुळे पानापानांतून बरीच चांगली निघते, मोकळ्या रानात दोन-चार किलोमीटर सहज जाते, आणि दिवसातून थोड्याच वेळा बोलणाऱ्या सेन्सरची बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. पण वेग सेकंदाला काही किलोबिटच. 50 केबीचा एक फोटो पाठवायचा म्हटला तर सव्वा मिनिटाच्या वर जाईल, तेही सगळं नीट चाललं तर, व्हिडिओ तर विसराच. ओलाव्याचा आकडा मात्र दोन बाइटचा असतो, त्याला एवढं पुष्कळ झालं. लांब पण जायचं, वेग पण पाहिजे आणि बॅटरी पण टिकवायची, हे तिन्ही एकाच वस्तूत मिळत नाही, दुकानदार काहीही सांगो.

मोटर चालू-बंद करायला सिमवालं मोबाईल स्टार्टर आधीपासून आहेच, ते तसंच ठेवलं. अंतराची चिंता नाही, पण लाईट खूप वेळ गेली आणि टावरची बॅटरी संपली की ते पण गप्प.

आता काळजी पाईपाची आहे. मे-जूनमधे आमच्याकडे जे वादळ सुटतं त्यात बागा आडव्या होतात, आणि डिशचं तोंड जरासं फिरलं तरी लिंक तुटते, म्हणून तीन बाजूंनी तार ओढून ताण देऊन ठेवलाय, आणि नानांना पाईपावर डिशच्या दिशेची एक पांढरी खूण करून दिलीय.