पोटावरची जाळी

बारावीपासून माझ्या पाळीचा पहिला दिवस ठरलेला. सकाळी ओटीपोटात कळ, दुपारपर्यंत कंबर आणि मांड्या भरून आलेल्या. आई ओवा उकळून द्यायची. आजी म्हणायची, "लग्न झालं की थांबतं." लग्न झालं. थांबलं नाही.

त्यातल्या त्यात गुण यायचा तो रबरी पिशवीच्या शेकाने आणि मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या वेदनाशामक गोळीने. गोळी मात्र मी अगदी असह्य झाल्यावरच घ्यायचे, तीही उपाशीपोटी. मग पित्त वेगळं.

२८व्या वर्षी दुखणं बदललं. पाळीच्या चार दिवस आधीच सुरू व्हायचं. शौचाला बसलं की आतून सुरी फिरवल्यासारखं. एका डॉक्टरांनी "सगळ्यांचंच दुखतं" म्हणून कॅल्शियम लिहून दिलं आणि मी मुकाट्याने आणखी आठ महिने काढले. त्या आठ महिन्यांचा राग अजून आहे, निम्मा स्वतःवरच.

दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे जाताना भिंतीवरचं कॅलेंडरच काढून नेलं. दुखलेल्या दिवसांवर लाल फुली, रजेच्या दिवसावर दोन. तपासायला झोपले तर त्यांनी आधी विचारलं, "शेक किती घेता?" ओटीपोटावर तपकिरी जाळी उमटली होती. मला वाटायचं पिशवीच्या रबराचा रंग लागलाय. ती रोजच्या उष्णतेने पडली होती. टॉवेल गुंडाळून शेका, म्हणाल्या.

मग प्रश्न. पॅड तास-दोन तासांत भिजतं का? ताप? संबंधांच्या वेळी दुखतं? गोळी घेऊनही कामाला जाता येत नाही? शेवटच्या दोन्हींना मी हो म्हटलं. सोनोग्राफीत डाव्या बीजकोशावर ४ सेंमीची चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ निघाली. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं. सोनोग्राफी स्वच्छ आली असती तरी हा आजार नाही असं म्हणता आलं नसतं, हेही त्यांनी सांगितलं.

आता रोज डायनोजेस्ट या हार्मोनची २ मिग्रॅची एक गोळी. पहिले दोन-तीन महिने अधूनमधून डाग दिसत राहिले, पण आधी कल्पना दिली होती म्हणून घाबरले नाही. वेदनाशामक लागलीच तर कळ सुरू होताच, काहीतरी खाऊन घ्यायची. ती गर्भाशय आवळायला लावणारं प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होणं कमी करते. ते साचल्यावर घेतली तर तेवढा उपयोग होत नाही. अल्सर, दमा किंवा किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

सहा महिन्यांनी गाठ ३ सेंमीवर आली. जाळी पुसट झालीय. अंघोळीच्या वेळी नीट पाहिलं तर अजून दिसते.