आमची वाटचाल: सुट्या भागांपासून तयार जोडीपर्यंत

आमच्याकडे स्पीकरचे किट मिळते आणि त्याच डिझाइनची तयार जोडीही मिळते. त्यामुळे ‘विकत घ्यावा की स्वतः जोडावा’ या प्रश्नावर आम्हाला एका बाजूची वकिली करावी लागत नाही. सुरुवातीच्या किटमध्ये वूफर (खालचे स्वर देणारा भाग), ट्वीटर (वरचे स्वर देणारा भाग), या दोघांत आवाज वाटून देणाऱ्या सर्किटचे म्हणजे क्रॉसओव्हरचे सुटे भाग आणि पेटीचे मापांसह चित्र एवढेच असायचे. त्यात पुढे काय काय वाढत गेले, हे पाहिले की स्पीकरची किंमत नेमकी कशाची असते ते समजते.

दुकानातल्या स्पीकरच्या किमतीत कच्च्या मालाचा वाटा लहान असतो. जड खोक्याची वाहतूक, वितरक आणि दुकानदाराचा नफा, जाहिरात, वॉरंटी, पेटीचे फिनिशिंग हे सगळे त्यावर चढते. म्हणून तेवढ्याच पैशांत किटमध्ये बरेच वरच्या दर्जाचे वूफर-ट्वीटर येतात, हे म्हणणे खरे आहे. पण चांगला वूफर आणि चांगला ट्वीटर एका पेटीत बसवले म्हणजे चांगला स्पीकर झाला, असे होत नाही. दोघांचा आवाज जिथे एकमेकांत मिसळतो, तिथे स्पीकर घडतो किंवा बिघडतो.

पुस्तकी सूत्राने 8 ओहमच्या वूफर-ट्वीटरसाठी 2,500 हर्ट्झला साधा क्रॉसओव्हर काढला तर 8 मायक्रोफॅराडचा कपॅसिटर आणि 0.5 मिलिहेन्रीची कॉइल येते. सूत्र बरोबर आहे, पण 8 ओहम हा आकडा फक्त नावापुरता असतो. व्हॉइस कॉइलचा (आतल्या तारेच्या गुंडाळीचा) डीसी रोध साधारण 6 ओहम असतो, अनुनादाच्या कंपनसंख्येवर इम्पीडन्स (कंपनसंख्येनुसार बदलणारा विद्युत विरोध) कित्येक पट उसळतो आणि वरच्या कंपनसंख्यांना इंडक्टन्समुळे पुन्हा चढत जातो. त्यात पेटीच्या रुंदीचीही भर पडते. पुढची फळी 20 सेंमी रुंद असेल, तर साधारण 575 हर्ट्झच्या आसपासपासून खालचा आवाज पेटीला वळसा घालून मागे जाऊ लागतो आणि मोकळ्या जागेत समोरच्या श्रोत्याला तो 6 डेसिबलपर्यंत कमी पोहोचतो. हे भरून काढले नाही तर आवाज पातळ आणि कर्कश लागतो, आणि लोक दोष ट्वीटरला देतात. खोलीतली मागची भिंत थोडी मदत करते, म्हणून आम्ही पूर्ण 6 ऐवजी 3 ते 4 डेसिबलच भरून काढतो. तयार मिळणारी ‘टू-वे क्रॉसओव्हर प्लेट’ कोणत्याही ड्रायव्हरला (वूफर किंवा ट्वीटरला) लावू नका, असे आम्ही आवर्जून सांगतो ते याच कारणाने. ती प्लेट यातले काहीच जाणत नाही.

म्हणून किटमध्ये पहिली मोठी भर पडली ती मोजमापाची. प्रत्येक ड्रायव्हर त्याच्या खऱ्या पेटीत बसवून त्याचा प्रतिसाद (कोणत्या कंपनसंख्येला किती आवाज येतो) आणि इम्पीडन्स मोजायचा, मग त्या आकड्यांवर क्रॉसओव्हर बेतायचा. माइक स्पीकरपासून 1 मीटरवर आणि माइक व स्पीकर दोन्ही जमिनीपासून 1.2 मीटर उंच ठेवले, तर जमिनीवरून परतलेला आवाज साधारण 4.7 मिलिसेकंद उशिरा येतो. तेवढ्यात मोजणी कापली की सुमारे 200 हर्ट्झच्या वरचेच विश्वासाचे राहते. त्याखालचा भाग माइक वूफरच्या कोनच्या (हलणाऱ्या शंकूच्या) अगदी जवळ धरून वेगळा मोजायचा आणि जोडायचा. आमची बहुतेक डिझाइन लिंकविट्झ-रायली या क्रॉसओव्हर पद्धतीची आहेत. 1976 पासून ती वापरात आहे. तिच्यात क्रॉसओव्हरच्या कंपनसंख्येवर दोन्ही ड्रायव्हर 6 डेसिबल खाली असतात आणि एकाच फेजमध्ये (एकाच तालात) मिळून सपाट बेरीज देतात. पडताळणी सोपी आहे: ट्वीटरच्या तारा उलट्या जोडून मोजायचे. आलेखात क्रॉसओव्हरच्या कंपनसंख्येवर खोल खड्डा दिसला तर फेज जुळलेली आहे. खड्डा उथळ असेल तर क्रॉसओव्हरवर अजून काम बाकी आहे.

दुसरी भर म्हणजे पेटीच्या कापलेल्या फळ्या. अभियंते नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलेल्या गणितामुळे पेटीचे आकारमान अंदाजाने ठरवायची गरज उरली नाही. 15 लिटरची पेटी 45 हर्ट्झला ट्यून करायची, म्हणजे तिच्या नळीतली हवा त्या कंपनसंख्येला घुमवायची, तर 5 सेंमी आतल्या व्यासाची नळी सुमारे 15.5 सेंमी लांब लागते. आतल्या आडव्या पट्ट्या, वूफरचे चुंबक आणि खुद्द नळी यांनी व्यापलेली जागा वजा करायला लोक विसरतात. प्रत्यक्षात 13 लिटर उरले तर ट्यूनिंग 48 हर्ट्झच्या आसपास जाते. तेवढ्याने फारसे बिघडत नाही. गळती मात्र घातक. नळी नसलेल्या बंद पेटीत कोन हलकेच आत दाबून सोडला की तो सावकाश परत यायला हवा. झटकन आला तर सांधा, टर्मिनल किंवा गॅस्केटमधून हवा निसटते आहे.

लाकूडकामात 18 मिमी एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेला बोर्ड) पुरेसा कडक असतो, फक्त आत एक-दोन आडव्या पट्ट्या हव्यातच. त्याच्या कडेत आधी बारीक भोक न पाडता स्क्रू पिळला तर कड फाटते. कापलेली कड रंग पिऊन टाकते, म्हणून सीलर आधी लावायचा. आणि रंग दिलेल्या पेटीवर काही महिन्यांनी सांध्याची रेघ उमटतेच, कारण गोंद आणि एमडीएफ हवेतल्या ओलाव्याला वेगवेगळे फुगतात. ज्यांना ती रेघ सहन होणार नाही त्यांना आम्ही व्हिनियर (लाकडाचा पातळ थर) सुचवतो. आमच्या तयार जोडीची जास्तीची किंमत जवळजवळ सगळी या पृष्ठभागाच्या मजुरीची आहे. आवाजात फरक नाही.

जोडणीतल्या चुका ठरलेल्या असतात. दोन कॉइल शेजारी, एकाच दिशेने चिकटवल्या की एकीचे चुंबकीय क्षेत्र दुसरीत उतरते. त्या एकमेकींपासून लांब आणि काटकोनात ठेवाव्यात. ट्वीटर बसवताना चुंबक पेचकसाचे टोक खेचून घेते आणि डोम (ट्वीटरचा नाजूक घुमट) फुटतो, म्हणून डोमवर पुठ्ठ्याची चकती धरावी. वूफरचे धन टोक 1.5 व्होल्टच्या सेलने तपासता येते: धनाला धन लावले की कोन बाहेर सरकतो. ट्वीटरवर हा प्रयोग करू नये. पेटी बंद करण्याआधी टर्मिनलवर मल्टिमीटर लावला की 6 ओहमच्या आसपास दिसायला हवे. शून्याजवळ दिसले तर अॅम्प्लिफायर लावू नका.

मोठ्या कंपन्या आमच्या पुढे आहेत अशीही जागा आहे. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांच्या आंधळ्या चाचण्यांनी (कोणता स्पीकर वाजतो आहे हे श्रोत्याला न कळवता घेतलेल्या) दाखवले, की समोरचा प्रतिसाद सपाट आणि बाजूचा प्रतिसाद सुरळीत उतरणारा असेल तर श्रोते तोच स्पीकर निवडतात. त्यासाठी ट्वीटरभोवती घडवलेला वेव्हगाइड (आवाजाला दिशा देणारी वाटी) लागतो आणि त्याचा साचा हजारो नगांवरच परवडतो. आत अॅम्प्लिफायर आणि डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारी चिप) असलेले लहान स्पीकर तर किटने गाठणे कठीण. तसा हवा असेल, हाताशी राउटर (लाकूड कोरायचे यंत्र) आणि क्लॅम्प नसतील किंवा पुढे विकायचा विचार असेल, तर तयारच घ्या. घरी जोडलेल्या पेटीला पुनर्विक्रीत भाव मिळत नाही.

मध्यम आकाराच्या, वेगळा अॅम्प्लिफायर लागणाऱ्या जोडीत किट खरोखर परवडते, पण क्रॉसओव्हर मोजून बेतलेला असेल आणि मोजणीचे आलेख विक्रेता आधी दाखवत असेल तरच. पहिल्यांदाच जोडणाऱ्याला आम्ही सबवूफर देतो: एकच ड्रायव्हर, सरळ चौकोनी पेटी, आणि क्रॉसओव्हर अॅम्प्लिफायरमध्येच असतो. हल्ली प्रत्येक किटमध्ये क्रॉसओव्हरच्या भागांच्या अंतिम मूल्यांचा (मायक्रोफॅराड, मिलिहेन्री, ओहम) कागद पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवायला देतो, म्हणजे कित्येक वर्षांनी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकला तरी कोणताही दुरुस्ती करणारा तो बदलू शकेल.